पापुद्रेकाकांचा ठोकळा

पापुद्रे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर असेल, पगाराच्या कागदावर असेल, पण प्रयोगशाळेत ते कुणी उच्चारल्याचं कुणाला आठवत नाही. हे नाव पाडलं बाईंनी. बाई म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टर, रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रोग कुठला ते सांगणाऱ्या. काका नवे असताना त्यांनी किडनीचा असा पातळ काप काढून दिला, की बाई काच उजेडाकडे धरून म्हणाल्या, "अहो, हा काप आहे की पापुद्रा?" झालं! त्या दिवसापासून हे पापुद्रे, आणि वय वाढलं तसे पापुद्रेकाका. बाई मात्र अजूनही नुसतं 'पापुद्रे' म्हणतात, जणू जन्मापासूनचंच आडनाव आहे.

काकांचं काम बाईंच्या आधीचं. तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा, ठोकळा यंत्रात अडकवून चाक फिरवायचं, पात्यावरून सुटलेला काप ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायचा आणि तरंगता तरंगता अलगद काचेवर घ्यायचा. मग काच रंगात बुडवायची. ऐकायला काय, सोपं वाटतं. करायला बसा म्हणजे समजेल. ठोकळा गरम झाला तर काप चुरगळतो, फार गार झाला तर तडकतो. काका त्याच्यावर बर्फ ठेवायचे, मग तोंड जवळ नेऊन हलकेच एक ऊन श्वास सोडायचे आणि चाक फिरवायचे. किती ऊन, किती हलका, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांना कुणाला शिकवता येत नव्हतं.

त्यातून किडनीचा तुकडा म्हणजे सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक. आगकाडीहून बारीक, नखाएवढा लांब. तो जाड कापून चालतच नाही. किडनीत रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे बारीक बारीक गुच्छ असतात, काका त्यांना सरळ 'गाळण्या' म्हणायचे. काप जाड झाला की एकाखाली एक थर दिसायला लागतात आणि बरी गाळणीही तुंबल्यासारखी वाटते. दुसरं असं, की ठोकळ्याच्या वरच्या थरात तुकड्याचा नुसता काठ असतो. तो खरवडून टाकायचा, तुकडा पुरता उघडा पडेपर्यंत टाकत राहायचं, आणि मग पुढचे काप काचेवर घ्यायचे. खरवडलेलं सगळं खालच्या डब्यात. इथे हात आखडता घेतला की फसलात. हाताखाली आलेल्या नवीला त्यांनी शिकवलं तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "टाकताना हळहळायचं नाही. हळहळलीस की बाईंना काठ बघावा लागेल, आणि काठावर काय दिसणार, कपाळ?"

ही नवी दोन मुलांची आई होती आणि तिला तिथे लागून कितीतरी वर्षं झाली होती. पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली.

काकांना साखरेचा आजार जडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण त्यांनी तो नीट सांभाळला. का नाही सांभाळणार? बाईंच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर बसून बघता येईल असे भिंगांचे दोन जोड होते. मनात आलं की बाई हाक मारायच्या, "या पापुद्रे, तुम्ही कापलेलं काय निघालं ते बघा." त्यामुळे साखर किडनीचं काय करते ते काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. निरोगी गाळणी म्हणजे मोकळी, हवेशीर जाळी. साखरेनं धरलेल्या गाळणीत जागोजागी गुलाबी, गुळगुळीत गोळे. काका त्यांना गोट्या म्हणायचे. एका गाळणीत चार गोट्या बसल्या की रक्त जायचं कुठून? ते बघून आल्यावर काका कँटीनमध्ये चहात साखर घालणाऱ्याकडे असे बघायचे, की बिचाऱ्याचा चमचा हवेतच थांबायचा.

आणि एवढं करून या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली. रक्त तपासलं तर किडनीचे आकडे भराभर चढलेले. काकांना रागच आला. तोंडाला कुलूप लावून जगलो, घरच्या वाढदिवसांना हात मागे बांधून उभा राहिलो, त्याचं हे फळ?

किडनीचा डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. तो म्हणाला, "साखर अशी एकदम धाव घेत नाही. आणि तुमच्या डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे. साखरेनं किडनी खाल्ली असती तर बहुतेक वेळा डोळ्यातही खूण सापडते. वर दुसरं काहीतरी बसलेलं असू शकतं. तुकडा काढून बघू या. काही औषधं घेता का, साखरेच्या गोळ्यांशिवाय?"

"छे," काका म्हणाले.

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता. नुसती साखर असेल तर वाट उताराची, आज ना उद्या मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. दुसरं काही असेल तर कदाचित त्याच्यावर औषध होतं. हा निकाल त्या नखाएवढ्या तुकड्यात होता, आणि तो तुकडा येणार होता काकांच्याच खोलीत.

आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही, असा त्या खोलीचा नियम होता. आणि तो केला होता कुणी? काकांनीच. पूर्वी खोलीतल्याच एकाच्या आईचा तुकडा आला होता, तेव्हा काकांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं होतं आणि घरी पाठवलं होतं. पण स्वतःवर आली तेव्हा नियम गेला चुलीत. डॉक्टरनं घरी पडून राहायला सांगितलं होतं, तरी तुकडा मेणात बसून तयार झाला त्या सकाळी काका हजर. नवीच्या ट्रेमधून त्यांनी तो ठोकळा काढून घेतला.

"काका, तुमचा आहे ना तो? आपला नियम..."

"नियम मला शिकवू नकोस. तू आतड्याचे ठोकळे घे."

"पण काका..."

"किडनी या खोलीत कोण कापतं?"

तिनं आतड्याचे ठोकळे पुढे ओढले.

काकांनी ठोकळा यंत्रात बसवला. मेणाच्या आत तो तुकडा फिकट दिसत होता, अगदी एवढासा. किती परक्यांचे तुकडे त्यांनी असे खरवडले होते, कधी डोळ्याची पापणी लवली नव्हती. आज पहिला पापुद्रा पात्यावर आला आणि त्यांचा ब्रश डब्याकडे वळेना. हे डब्यात टाकायचं? हे तर माझं आहे. त्यांनी तो काचेवर घेतला. दुसराही घेतला. बर्फ ठेवला, पण ऊन श्वास सोडायची वेळ आली तेव्हा श्वास धडपणे येईना. पातळ काप एक-दोनदा फाटला, तसं त्यांनी यंत्रावरचा जाडी ठरवणारा काटा थोडा पुढे सरकवला. फाटून वाया जाण्यापेक्षा जाड बरा, असं मनाशी म्हणाले. नवीनं असं केलं असतं तर तिला त्यांनी दिवसभर सोलून काढलं असतं. काचा भरल्या तेव्हा ठोकळ्यात तुकडा बराच शिल्लक होता. तो त्यांनी खणात मागे सरकवून ठेवला आणि काचा रंगवायला नेल्या.

बाईंची एक सवय होती. आधी काच, मग कागद. रोग्याचं नाव, वय, डॉक्टरचा अंदाज, काहीही वाचायच्या आधी त्या काच बघणार आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलणार. संध्याकाळी काकांनी काचा पुढे ठेवल्या आणि नेहमीसारखे बाजूला उभे राहिले.

"गाळण्या तीनच," बाई म्हणाल्या. "बाकी सगळा काठ. आणि तिन्ही भरलेल्या. गोट्या आहेत, पापुद्रे, तुमच्या भाषेत. साखर. दुसरं काही दिसत नाही मला इथे." त्यांनी कागदाकडे हात नेला. "कोणाचा आहे?"

"माझा," काका म्हणाले.

बाईंचा हात कागदावरच राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "तीन गाळण्यांवर मला बोलायचं नाही. आणखी खोल कापता येईल?"

इथे काकांनी काय करावं? नुसतं हो म्हणायचं होतं. खणात ठोकळा होता. पण मघाशी ऐकलेला 'साखर' हा शब्द त्यांच्या कानात बसला होता. आणखी कापून काय मिळणार, आणखी गोट्याच ना? उरलंय तेवढं तरी शाबूत राहू दे, असं काहीतरी वेड्यासारखं त्यांच्या मनात आलं, आणि तोंडातून निघालं, "नाही बाई. ठोकळा संपला."

एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांचा शब्द कधी तपासला नव्हता. पापुद्रे म्हणाले संपला, म्हणजे संपला.

"बरं," त्या म्हणाल्या. "सही उद्या करते. तुम्ही घरी जा. आणि रिक्षानं जा, चालत जाऊ नका."

घरी काकांची बायको शिलाई मशीनसमोर पसारा मांडून बसली होती. आख्ख्या गल्लीचे कपडे ती शिवायची, त्यामुळे घरात बसायच्या प्रत्येक जागेवर कुणाचं ना कुणाचं अर्धं शिवलेलं बाहीचं काहीतरी असायचं. काकांनी एक कापड बाजूला करून बूड टेकलं. निकाल लागला का, असं तिनं विचारलं. उद्या, असं ते म्हणाले. तिनं त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं मापाची टेप त्यांच्या पुढ्यात धरली.

"उठा जरा. माझं माप घ्या. स्वतःसाठी एक ड्रेस शिवायचा म्हणतेय, कधीचं कापड पडलंय."

"तू घे की. जन्मभर लोकांची मापं घेतेस."

"लोकांची घेते. स्वतःचं घ्यायला गेले की टेप हातात येताच पोट आत जातं माझं. मुद्दाम नाही हो, आपोआप! मागचा कपडा आठवतोय ना? घातला आणि श्वास घ्यायची चोरी. तुम्ही घ्या, आणि मी काही म्हणाले तरी सैल धरू नका, घट्ट धरू नका, आहे तेवढंच सांगा."

काकांनी टेप तिच्या कमरेभोवती गुंडाळली. आकडा वाचला. ती म्हणाली, "शक्यच नाही." त्यांनी परत वाचला. "मेलं, खरंच की," असं म्हणून ती हसायला लागली. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. टेप हातात तशीच धरून ते मटकन खाली बसले.

"अहो, काय झालं? माझ्या कमरेचं एवढं मनावर घेताय होय?"

"मी कापलं," काका म्हणाले. "माझं मीच कापलं. पोट आत घेऊन कापलं गं. आणि वर बाईंशी खोटं बोललो."

तिला त्यातलं सगळं समजलं नाही, पण खोटं बोललो एवढं समजलं. "मग सकाळी जा आणि खरं बोला," ती म्हणाली. "त्यात रडायचं काय? पोळणार आहे का जीभ?"

सकाळी नवी येऊन बसते न बसते तोच काकांनी खणातला ठोकळा तिच्यापुढे ठेवला.

"काप."

"मी? तुमचा?"

"तूच. पातळ. आणि वरचा बिघडवलेला भाग खरवडून टाक, तुकडा पुरता उघडा पडेपर्यंत."

"तुम्ही बाहेर जा मग. तुमच्यासमोर माझा हात चालायचा नाही."

"मी बोलणार नाही."

"बोलणार नाही, पण उसासे टाकाल. जा बघू काका!"

काका दाराबाहेर जाऊन उभे राहिले. चाकाचा आवाज येत होता. त्या आवाजावरून त्यांना कळत होतं, की ती खरवडतेय आणि थांबत नाहीये. एक फेरा, आणखी एक, आणखी एक. अगं बास, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. मग आवाज थांबला, क्षणभर काहीच नाही, आणि मग चाक अगदी सावकाश, एकसारखं फिरायला लागलं. श्वास सोडला तिनं ठोकळ्यावर. बरोबर सोडला. शिकली की ही, त्यांच्या मनात आलं, आणि इतक्या भीतीतही त्यांना बरं वाटलं.

बाईंकडे ते स्वतः गेले. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "काल खोटं बोललो. ठोकळा संपला नव्हता. काप जाड होते आणि काठाचे होते. कशाचीही सही करू नका."

बाई रागावल्या. रागावणारच! "पापुद्रे, मी आता पेन उचललं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचा काप म्हणून जाडीची शंकासुद्धा घेतली नाही मी. दुसऱ्या कुणाचा असता तर परत पाठवला असता. कळतंय का तुम्हाला, आपण दोघं मिळून काय करणार होतो ते?"

रंगवलेल्या काचा दुपारी आल्या. बाईंनी समोरच्या जोडाकडे बोट केलं. "बसा."

काकांनी बसून डोळे लावले. आधी काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. मग दिसलं. गाळण्या होत्या, पुष्कळ होत्या. काहींत गोट्या होत्या, ते काही खोटं नव्हतं. पण पुष्कळशा अजून मोकळ्या होत्या, पातळ कापात जाळी सुटी सुटी दिसत होती.

"साखर आहे," बाई म्हणाल्या. "आहे ती आहे. पण एवढ्यानं आकडे इतके चढत नाहीत. आता हे बघा." काच सरकली. गाळण्यांच्या मधे किडनीच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात, तिथे आज त्या एकमेकींपासून लांब गेल्या होत्या आणि मधल्या जागेत निळ्या ठिपक्यांची दाटी झाली होती. त्या निळ्यात मधूनच लालसर दाणेदार पेशी. "ही गर्दी साखरेची नाही. ही सूज आहे, आणि अशी सूज बहुतेकदा औषधानं येते. पापुद्रे, तुम्ही कसली गोळी घेता?"

"कसलीच नाही."

"काल ठोकळा संपला होता, तसंच का?"

काकांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. उजवा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला होता. चाक फिरवून फिरवून तो खांदा धरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायची आणि पाण्याबरोबर घ्यायची, सकाळी एक, फार दुखलं तर दुपारी एक. ते औषध आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. खांद्याचं वंगण, एवढंच.

"खांद्याची," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"या वर्षी रोजच. आधी अधूनमधून."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "गोळी आजपासून बंद. बाकी तुमचा डॉक्टर ठरवेल, पण ही सूज उतरू शकते. सगळी नाही म्हणणार मी. साखरेनं नेलंय ते परत येणार नाही. पण हे," त्यांनी काचेवर टिचकी मारली, "हे पकडलं नसतं तर साखरेच्या नावावर खपलं असतं आणि तुमची किडनी आत जळत राहिली असती."

काका उठले. मग नवीला हाक मारून त्यांनी तिला आपल्या जागी बसवलं आणि म्हणाले, "बघ. तू कापलेलं काय निघालं ते बघ."

सूज उतरायला महिने गेले. डॉक्टरनं औषध दिलं, आकडे आधी थांबले, मग खाली आले. पहिल्यासारखे झाले नाहीत, पण रक्त धुवायच्या मशीनची वाट लांबली. काका चाकावर परत आले ते खांद्याला शेकायची पिशवी घेऊन. बायको रोज सकाळी त्यांचे खिसे उलटे करून बघते आणि ते दोन्ही हात वर करून उभे राहतात.

बाईंच्या टेबलावर एक गोष्ट बदलली. आता काचांबरोबर ठोकळाही द्यावा लागतो. कुणी कापलेला असो, बाई आधी तळहात पुढे करतात आणि ठोकळ्यात किती शिल्लक आहे ते स्वतः बघतात. पहिल्यांदा तो हात पापुद्रेकाकांपुढे आला. नवीनं मान खाली घातली. काका कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी खिशातून ठोकळा काढला आणि बाईंच्या हातावर ठेवला. तुकडा कुणा परक्याचा होता, आणि त्याला आपला ठोकळा कुणी पडताळून बघितला हे कधी कळणारही नव्हतं. बाईंनी तो उजेडाकडे धरला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, "अजून आहे यात. खोल जा." काका तो परत घेऊन चाकावर बसले आणि खरवडायला लागले.